अंगावरील बुरशी आणि वर्गातील मूल



लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की चार-आठ दिवसांत वर पांढरी साय धरते, ही गोष्ट प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. ही साय धरणारी बुरशी चमच्याबरोबरच आली असे मात्र समजू नये. ती हवेत होती, बरणीच्या तोंडाशी होती, कैरीच्या सालीवरही होती. मीठ व तेल यांचा बंदोबस्त पक्का होता तोवर तिला डोके वर काढता आले नाही. पाण्याने तो बंदोबस्त सैल केला, इतकेच. मनुष्याच्या शरीरावर होणाऱ्या बुरशीजन्य विकारांचा एक मोठा वर्ग याच रीतीने उद्भवतो. ही एक गोष्ट शिक्षकाच्या मनात पक्की बसली, तर वर्गातील पुष्कळ मुलांची विनाकारण होणारी मानखंडना टळेल.

बुरशी या शब्दाचे भय अलीकडे वाढले आहे आणि त्यास कारणही आहे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण घेतले. विशेषतः मधुमेह असलेले व स्टेरॉइडचे उपचार झालेले रुग्ण तिला बळी पडले. परंतु ती निराळ्या जातीची तंतुमय बुरशी होय. प्रस्तुत विषय आहे तो किण्वाचा, म्हणजे ज्यास व्यवहारात यीस्ट म्हणतात त्या एकपेशीय बुरशीचा. पाव फुगविणारे किण्व शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला कोमट साखरपाण्यात घालून, बाटलीच्या तोंडास फुगा बांधून दाखविलेलेच असते. त्याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी दोन मनुष्याच्या अंगावर वस्तीस असतात. एकाचे नाव कँडिडा. ते निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात राहू शकते. दुसऱ्याचे नाव मॅलासेझिया. ते त्वचेतील तेलकट अंशावर जगते, आणि वयात आलेल्या बहुतेक सर्वांच्या कातडीवर त्याचा निवास असतो. दोघेही एरवी निरुपद्रवी. घाम, ओल, मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली जंतुनाशक औषधे, कुपोषण, अथवा आजाराने आलेली क्षीणता यांपैकी काहीतरी घडते तेव्हा ते मर्यादा सोडतात.

मॅलासेझियाने मर्यादा सोडली म्हणजे जे होते, त्यास आपल्याकडे शिबे म्हणतात. छाती, पाठ, मान, दंड यांवर फिक्या, क्वचित तपकिरी रंगाचे लहान लहान ठिपके उठतात. ते एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरतात आणि नखाने हलकेच खरवडले तर बारीक कोंडा निघतो. खाज थोडी, कधी मुळीच नाही. १८४६ साली आइखश्टेट नावाच्या जर्मन वैद्याने या डागांमागे बुरशी असल्याचे दाखवून दिले. या किण्वाच्या काही द्रव्यांमुळे त्वचेस रंग देणाऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि म्हणून सावळ्या कातडीवर डाग अधिकच उठून दिसतात. त्वचेतील तेल वयात येताना वाढते. यास्तव सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांतील मुलांमध्ये हा विकार विशेष आढळावा हे स्वाभाविक होय.

आता अशा एका मुलाची कल्पना करावी. सातवीतला मुलगा, मानेवर व गळ्यापाशी फिके डाग. शेजारी बसणारा हळूच सरकतो. दुपारच्या भोजनाच्या वेळी पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंस जागा सुटू लागते. कोणी ‘कोड’ म्हणतो, कोणी त्याहून भयंकर शब्द उच्चारतो. घरी आजी सांगते की पोटात जंत झाले आहेत. वडील बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून एक नळी आणतात. मुलगा शर्टाची वरची गुंडी लावून बसू लागतो आणि पुढे कवायतीच्या दिवशी गैरहजर राहतो. हजेरीपटावर त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ अशी होते. कारण कोणत्याच रकान्यात येत नाही.

या मुलाच्या अंगावरील डाग कशाचे, हे ठरविणे शिक्षकाचे काम नव्हे. ते डॉक्टरांचे काम आहे. तथापि, डाग निरनिराळे असतात व त्यांचे अर्थ निरनिराळे असतात, एवढे शिक्षकाला माहीत असलेच पाहिजे. शिब्यांवर कोंडा असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो, त्यावर कोंडा नसतो, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. लहान मुलांच्या गालांवर येणारे फिके, किंचित खरखरीत चट्टे हे बहुधा कोरड्या त्वचेचे व सौम्य दाहाचे असतात. जंतांमुळे ते येतात हा समज घरोघर असला तरी त्यास आधार नाही. जंतांचे औषध मुलांना ठरलेल्या दिवशी जरूर द्यावे, परंतु त्याने गालावरचा चट्टा जाईल अशी आशा पालकांना दाखवू नये.

राहिला तो कुष्ठरोगाचा चट्टा. तो फिका अथवा तांबूस असतो, त्यास खाज नसते, तेथील घाम कमी होतो, केस विरळ होतात, आणि मुख्य खूण अशी की तेथील स्पर्शाची जाणीव मंद किंवा नष्ट झालेली असते. विदर्भास हा विषय नवा नाही. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमटे यांनी या रुग्णांसाठी आयुष्ये वेचली. त्या काळी समाज त्यांना गावाबाहेर घालवीत असे. आज स्थिती पालटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांस होणारा संसर्ग लवकरच थांबतो. अर्थात डाग शिब्याचा निघो की कुष्ठाचा, मुलाला बाकावरून उठविण्याचे कारण दोहोंतही नाही. पहिल्यात धोका नसतो व दुसऱ्यात उपाय हाताशी असतो. मात्र दुसऱ्यात विलंब झाला तर नसा कायमच्या दुखावतात. म्हणून ‘शिबेच असतील’ असे म्हणून मूल तपासणीवाचून ठेवणे हेही तितकेच चुकीचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत तपासणीस येते. पथक येण्यापूर्वीच शिक्षकाने आपल्या टिपणवहीत अशा मुलांची नावे लिहून ठेवावीत आणि ती पथकाला एकांतात दाखवावीत. सर्व वर्गासमोर ‘ज्यांना डाग आहेत त्यांनी उभे राहावे’ असे म्हणण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. चारचौघांत केलेला असा पुकारा त्याहून फारसा दूर नसतो. पथकास अवकाश असेल तर मुलास पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

औषधाच्या नळीविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण आज खरी हानी तेथे होत आहे. बाजारात खाजेवर म्हणून जी मलमे चिठ्ठीवाचून घेतली जातात, त्यांतील पुष्कळांत बुरशीनाशक औषध, जंतुनाशक औषध व तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि घरच्यांचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती झोपी गेलेली असते. बुरशी आत पसरत राहते, मलम बंद होताच दुप्पट उठते, कातडी पातळ होते, मांडीवर व काखेत कायमच्या रेघा पडतात. गजकर्ण अथवा नायटा हा किण्वाचा नव्हे, तर तंतुमय बुरशीचा विकार आहे, परंतु या मलमांचा सर्वांत वाईट परिणाम त्याच्यावरच दिसून आला. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण हट्टी झाला आहे व नेहमीच्या गोळ्यांनाही दाद देईनासा झाला आहे, त्यास या मलमांचा दुरुपयोग हे एक कारण मानले जाते. केंद्र शासनाने २०१८ साली त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी घातली. तरीही नळी मिळते. शिक्षकाने पालकास एवढे शिकवावे की नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती लावू नये. पालकास वाचता येत नसेल तर त्याचे पाचवीतले मूल वाचू शकेल, आणि वाचनाचा यापेक्षा उपयुक्त पाठ क्वचितच मिळेल.

गावठी उपायांचेही असेच आहे. बिब्बा लावला आणि तो उतला, की मूळ विकार राहतो बाजूला आणि भाजल्यासारखे फोड मात्र पदरी पडतात. लसूण चोळणे, रुईचा चीक लावणे, दगडाने खरवडणे हे सारे त्याच जातीचे उपाय. ज्यांनी ते सुचविले त्या वडीलधाऱ्यांचा उपमर्द न करता, कातडी जळाली म्हणजे बुरशी जळाली असे होत नाही, हे समजावून द्यावे.

बुरशीवर चालणारे औषध मनुष्यास सापडले ते फार जुने नाही, आणि त्याच्या शोधाची हकिगत वर्गात सांगण्यासारखी आहे. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिका. एक न्यू यॉर्क शहरात, दुसरी आल्बनी येथे. मातीचे नमुने तपासून त्यातील अर्क त्या एकमेकींना टपालाने धाडीत. व्हर्जिनियातील एका स्नेह्याच्या शेतातील मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव मिळाला, आणि १९५० साली निस्टॅटिन हे औषध त्यांनी जाहीर केले. न्यू यॉर्क स्टेट या नावावरून ते नाव पडले. त्यापासून मिळालेले स्वामित्वधन दोघींनी संशोधनकार्यास देऊन टाकले. आपल्या महाराष्ट्रातही असाच उद्योग झाला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून १९६१ च्या सुमारास एक बुरशीनाशक औषध मिळविले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव हॅमायसिन ठेवण्यात आले, आणि ज्या जीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरिना’ म्हणून गावाचे नाव राहिले. तोंडातील व स्त्रियांच्या कँडिडावर ते वापरले गेले. पुढे क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल इत्यादी औषधे आली व तीच आज बहुधा दिली जातात. अंगावरची बुरशी मारणारे औषध पायाखालच्या मातीत निघते, ही गोष्ट मुलांना ऐकावयास आवडेल.

तान्ह्या मुलाच्या जिभेवर व गालांच्या आतल्या बाजूस दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर दिसतात, ते कँडिडाचे. दुधाचा थर फडक्याने सहज निघतो, हा निघत नाही, व निघाला तर खाली लाल दिसते. अंगणवाडी सेविकेने हा भेद आईस दाखवावा. त्यावर टाकणखार मधात कालवून लावण्याची जी चाल आहे ती सोडावी, कारण टाकणखार बालकास विषारी आहे आणि वर्षाच्या आतील मुलास मधही देऊ नये. शाळेतील मुलांच्या ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडतात, तेथेही कधी कँडिडा असते, परंतु ब जीवनसत्त्वाच्या किंवा लोहाच्या कमतरतेनेही तसेच होते. अशा मुलाच्या ताटाकडे लक्ष द्यावे.

मुलींचा प्रश्न अधिक नाजूक, आणि नाजूक म्हणून तो सदैव मागे राहतो. सहावी ते आठवीच्या वयात अंगावरून थोडे पांढरे जाणे हे वाढीचे लक्षण आहे, रोग नव्हे. त्याने शक्ती गळून जाते हा समज खोटा आहे, आणि त्या भयाने कित्येक मुली व त्यांच्या माता वर्षानुवर्षे चिंतेत राहतात. मात्र स्राव दह्यासारखा घट्ट झाला, खाज सुटली, लघवीच्या वेळी आग होऊ लागली, तर तो कँडिडाचा विकार असू शकतो. घाणेरडा वास व हिरवट-पिवळा रंग असेल तर कारण निराळे, व औषधही निराळे. म्हणून एकीचे औषध दुसरीने वापरू नये. वारंवार होत असेल तर डॉक्टर रक्तातील साखर तपासतात, ती तपासू द्यावी.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कँडिडाचा विकार हा मुलीच्या चारित्र्याचा पुरावा नाही. तो कुमारिकेस होतो, गरोदर स्त्रीस होतो, मधुमेही वृद्धेस होतो, कारण किण्व तिच्याच शरीरात पूर्वीपासून असते. ‘हिला असे कसे झाले’ हा प्रश्न घरात ज्या स्वरात विचारला जातो, त्या स्वराच्या धास्तीने मुलगी सांगतच नाही. खाजवता येत नाही आणि बसवत नाही, म्हणून ती शाळेस येत नाही. शिक्षिकेने हे वाक्य मुलींच्या बैठकीत एकदा स्पष्ट उच्चारले, तर त्याचा उपयोग अनेक औषधांहून अधिक होईल. शाळेत शिक्षिका नसेल तर आरोग्य सेविकेस किंवा आशा ताईस बोलावून घ्यावे. मुख्याध्यापकांनी अशा वेळी व्हरांड्यात थांबून ऐकण्याचा मोह आवरावा.

बैठकीत सांगावयाचे ते साधे आहे. आतील कपडे सुती व सैल असावेत, दररोज बदलावेत, पूर्ण वाळल्याशिवाय घालू नयेत. पाळीत कापड वापरीत असल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. लाजेपोटी ते दुसऱ्या लुगड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते, व श्रावणात ते तेथे वाळतच नाही. आतून साबण किंवा जंतुनाशक द्रव वापरून धुऊ नये, त्याने तेथील हितकर जंतू मरतात व किण्वास रान मोकळे मिळते. आणि शाळेच्या बाजूने एकच गोष्ट करावयाची असते. मुलींच्या शौचालयात पाणी असावे, त्यास आतून कडी असावी, आणि मुलीने जाण्याची परवानगी मागितली तर कारण विचारू नये.

पावसाळ्यातील चिखल्यांचा उल्लेख केल्यावाचून वाशिम जिल्ह्यात हा विषय पुरा होत नाही. काळी चिकण जमीन, सोयाबीन-तुरीच्या शेतातून येणारी पाऊलवाट, मध्ये नाला. जून ते सप्टेंबर पायांची बोटे कोरडी अशी राहतच नाहीत. बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, सोलते, आग होते. त्यात कधी किण्व असते, कधी गजकर्णाची बुरशी, कधी दोन्ही, आणि चिरेतून जंतू शिरले तर पाय सुजतो. पूर्वी मूल अनवाणी येई, तेव्हा चिखल धुतला की पाय वाळत. आता पायांत बूट-मोजे आले, ही प्रगतीच होय, परंतु सकाळी नाल्यात भिजलेला बूट संध्याकाळपर्यंत पायांत राहिला तर तो बूट म्हणजे लोणच्याची ओली बरणीच झाली. गणवेशाच्या नियमापायी असे होऊ देऊ नये. पावसाच्या दिवशी मुलांनी येताच बूट-मोजे व्हरांड्यात काढून ठेवावेत, पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या मधला भाग फडक्याने टिपावा, आणि दिवसभर वर्गात कोरड्या तरटावर अनवाणी बसावे. फडके मात्र प्रत्येकाचे निराळे असावे. एकाच पंचाने साऱ्या वर्गाचे पाय पुसणे म्हणजे एकाचा नायटा चाळिसांना वाटणे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांना वर्ग अनवाणी दिसला तर मुख्याध्यापकांनी कारण सांगावे. ते कारण पुरेसे आहे.

शेवटी त्या सातवीतल्या मुलाविषयी. डॉक्टरांनी शिबे ठरवून औषध दिले आणि ते सांगितले तितके दिवस लावले, तर दोन-चार आठवड्यांत कोंडा जातो, म्हणजे किण्व आटोक्यात आले. परंतु फिका रंग तसाच दिसत राहतो, कारण कातडीला आपला रंग परत भरण्यास कित्येक महिने लागतात. हे पालकास आधी सांगितलेले नसते. श्रावणात औषध केले, दसऱ्यापर्यंत डाग आहेतच, असे पाहून ते पुन्हा बाजारातल्या नळीकडे वळतात. शिक्षकाने औषध सुरू होतानाच वडिलांना बोलावून सांगून ठेवावे की रंग सावकाश येईल, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा डाग उठले तर तेच औषध डॉक्टरांना विचारून पुन्हा करावे लागेल, आणि तोवर मुलाने शर्टाची वरची गुंडी उघडी ठेवून, नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच सोबत्याशेजारी बसावे.